गंगाधररावांच्या नावाखालच्या दोन ओळी

फौजेतून सुटलेली तीन माणसं एका बाकावर बसवली की किस्से आपोआप साठतात. त्यात त्यांच्यातल्या एकाची फाईल वर कुठंतरी अडकलेली असली तर मग विचारूच नका. फाईल हलत नाही, माणसं हलत नाहीत, मग बोलण्याशिवाय काम काय उरतं!

आमचा बाक नांदेडच्या जुन्या भागात, रशीदभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात आहे. सकाळी दहाला तिथं आमचा रोल कॉल असतो. एक मी, रिटायर्ड हवालदार क्लार्क, मूळचा निलंग्याकडचा. दुसरे सुभेदार माणिकराव, जे अजूनही आम्हाला ऑर्डर देतात. तिसरे हवालदार गंगाधरराव, लोह्याजवळच्या खेड्यातले, आठवड्यातून दोनदा एसटीनं येणारे. रशीदभाई स्वतः फौजेत नव्हते. पण चाळीस वर्षं फौजींचे ब्लेझर शिवून शिवून मेडलांची कुठली रिबन कुठल्या रिबनच्या आधी लागते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

गेली दोन वर्षं या बाकावर एकच फाईल गाजते आहे, ती गंगाधररावांची.

*

डिस्चार्ज बुक म्हणजे फौजीचा सगळा जन्म. भरती कधी झाला, काय शिकला, छातीवर काय लागलं, सगळं त्या छोट्या पुस्तकात. सुटायच्या दिवशी ते समोर ठेवतात आणि क्लार्क सांगतो, "पढ़ लो, फिर साइन करो." कोणी वाचत नाही. बाहेर गाडी उभी असते, होल्डॉल चढवलेला असतो, संध्याकाळची ट्रेन असते. गंगाधररावांनी उभ्या उभ्या सही ठोकली आणि पुस्तक पेटीत टाकलं.

वीस वर्षांनी कामासाठी पेटी उघडली, तेव्हा कळलं की त्यात दोन गोष्टी नाहीतच. पाणबुड्याचा कोर्स नाही, आणि आर्मी कमांडरनं शाबासकी म्हणून दिलेलं कमेंडेशन कार्डही नाही.

मी चिडलो. "वाचायला काय झालं होतं? चोवीस वर्षं मी प्रत्येकाला हेच सांगत आलो!"

सुभेदार शांतपणे म्हणाले, "क्लार्कसाब, उद्या तुमचं पुस्तक आना."

आणलं. त्यात माझी उंची पाच फूट दोन इंच. मी पाच फूट सहा आहे. म्हणजे मीही वाचलं नव्हतं. सुभेदारांनी मला उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुस्तक मिटून परत दिलं.

"पुस्तकात चूक न्हाई," म्हणाले.

*

आता हे सगळं वीस वर्षांनी का उकरलं, ते सांगतो. गंगाधररावांच्या गावानं ठरवलं की पंचायतीसमोर मोठा बोर्ड लावायचा. गावातले सगळे फौजी, त्यांचा हुद्दा, मेडलं, ट्रेनिंग. चांगली गोष्ट आहे. गंगाधररावांनी आपलं सांगितलं, तर पारावरची मंडळी हसायला लागली. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथला माणूस पाणबुड्या?

"हितं घागर बुडत न्हाई, गंगाधरकाका कुठं बुडाले?" एकानं विचारलं.

सरपंच तरुण आहे, वागायला सरळ. तो म्हणाला, "काका, तुमी म्हनता ते खरंच असंल. पण बोर्डावर कागदातलंच येनार. न्हाईतर उद्या समदं गाव जनरल हुईल."

मात्र त्यानं पेंटरला सांगून गंगाधररावांच्या नावाखाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवली. बोर्ड लागला. बाकीच्यांच्या नावाखाली अक्षरं, यांच्या नावाखाली कोरा पत्रा. रोज दूध घालायला जाताना तो दिसायचा.

बाकावर येऊन ते मला म्हणाले, "क्लार्कसाब, मी काय लई दिवस ऱ्हात न्हाई. मागून नातवंडं वाचतील, हवालदार गंगाधर, आन खाली कोरं. म्हंतील, म्हातारा थापा मारायचा."

त्या दिवशी मी फाईल उघडली.

*

अर्जासाठी हकीकत लागते. गंगाधररावांकडून हकीकत काढणं म्हणजे कोरड्या विहिरीतून पाणी काढणं.

"कमेंडेशन कार्ड कशाबद्दल मिळालं?"

"पान्यात उतरलो. वर आलो."

"एवढंच?"

"अजून काय असतंय?"

दोन कप चहा झाल्यावर थोडं थोडं बाहेर आलं. तिकडं वर, डोंगरातली नदी. पुलावरून ट्रक खाली गेला होता. हे कमरेला दोर बांधून उतरले. पाणी इतकं गार की हाताला हात कळत नव्हता.

"किती जणांना काढलं?"

"चार."

"जिवंत?"

"एक."

मी पेन खाली ठेवलं. एवढा माणूस आठवड्यातून दोनदा माझ्या शेजारी बसत होता आणि मला त्याच्या एसटीची वेळ तेवढी माहीत होती, याची मला लाज वाटली.

चार महिन्यांनी उत्तर आलं. दोनच ओळी. कोर्सचं सर्टिफिकेट जोडा, आणि सदर इसम घटनास्थळी हजर होता याचा पुरावा द्या.

गंगाधररावांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हंजी मी तिथं व्हतो का न्हाई, हे इचारून राहिले?"

"हाव," मी म्हणालो.

*

सर्टिफिकेट शोधायला गंगाधररावांनी तीन महिने घालवले. काळी पेटी तीनदा रिकामी केली, तीनदा भरली. धान्याच्या कोठीमागं पाहिलं, जुन्या रजईची शिवण उसवली. शेवटी मी आणि सुभेदार त्यांच्या गावी गेलो. वहिनी, म्हणजे शेवंताबाई, भाकरी करत होत्या.

सुभेदारांनी सहज विचारलं, "वहिनी, एक जाड कागद व्हता, इंग्रजीतला. तुमच्या पाहन्यात हाय का?"

त्या हात धुऊन आत गेल्या आणि शेताच्या कागदांचं गाठोडं घेऊन आल्या. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, आणि त्यांच्यामध्ये डायव्हिंगचं सर्टिफिकेट, एकही घडी न पडलेलं.

"हे वीस वर्सं फौजेत," त्या म्हणाल्या, "शेत कुनी सांबाळलं? मी. घरात सिक्क्याचा कागद आला की मी शेताच्या कागदात ठिवते. सिक्का व्हता, ठिवला."

गंगाधरराव म्हणाले, "अगं, मग तीन महिने बोलली कामून न्हाई?"

"मला वाटलं तुमी पेटी साफ करून राहिले."

*

मध्ये प्रजासत्ताक दिन आला. सुभेदारांचं झेंडावंदनाचं जाकीट रशीदभाईंकडं आलं. सुभेदारांच्या रिबनी सात. तीन-तीनच्या दोन ओळी भरतात आणि वर एकटीच एक उरते. ते सुभेदारांना बरीच वर्षं खुपत होतं.

"रशीदभाई, वर अजून दोन लावून टाका. लई उघडं दिसतंय. कोन मोजतंय?"

रशीदभाईंनी टेप गळ्यातून काढला, रिबनी नीट मोजल्या, आणि फार आदबीनं विचारलं, "सुभेदारसाब, उघडंच दिसतंय, तर ही वरची एक कमी करू का?"

त्या वर्षी सुभेदार सातच रिबनी लावून झेंड्याला गेले.

*

सुभेदारांच्या मनात गंगाधररावांच्या पाणबुडेपणाबद्दल थोडी शंका होती. बोलायचे नाहीत, पण होती. ती विष्णुपुरीला फिटली. थंडीत आम्ही तिकडं नदीकाठी भरीत-भाकरीचा बेत केला होता. पायऱ्यांवर हात धुताना सुभेदारांच्या हातून स्कूटरची चावी पाण्यात गेली.

गंगाधररावांनी शर्ट काढला, किट इन्स्पेक्शनला ठेवावी तशी घडी घातली, घड्याळ माझ्या हातात दिलं. "टाइम बगा," म्हणाले आणि गेले खाली. वय पासष्ट!

अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. सुभेदार पायऱ्यांवर येरझाऱ्या घालायला लागले. "चावी गेली खड्ड्यात, मानूस वर येऊ दे," असं पुटपुटताना मी स्वतः ऐकलं. एवढ्यात आधी हात वर आला, हातात चावी. सुभेदारांनी ती उलटसुलट पाहिली. गंजलेली, लाल दोरा बांधलेली, कुठल्यातरी कुलपाची.

"ही माझी न्हाई."

"मग परत जातो," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या खेपेला स्कूटरची चावी आली.

आम्ही निघायची घाई करत होतो, पण गंगाधरराव ओल्या अंगानं काठावरच्या चहाच्या टपऱ्या फिरत होते. ती गंजलेली चावी कोणाची आहे, विचारत होते. अर्धा तास आम्ही स्कूटरपाशी उभे राहिलो.

*

आता राहिला हजेरीचा पुरावा. त्या वेळचे त्यांचे मेजरसाब हयात असले तर काम होणार होतं. मी डेहराडूनला पत्रं लिहिली, जालंधरला लिहिली, अंबाल्याला लिहिली. पाच महिने माझं इंग्रजी अख्ख्या उत्तर भारतात फिरून आलं.

एक दिवस रशीदभाईंनी काजं करता करता मेजरसाबांचं नाव विचारलं. त्यांचा साडू लातूरला टेलर आहे. त्याच्याकडं एक म्हातारे फौजी अफसर येतात, प्रत्येक कोटाच्या आत नाव आणि रँक शिवून घेतात. रशीदभाईंनी फोन लावला. तेच निघाले! मुलगी लातूरला डॉक्टर, म्हणून तिच्याकडं राहायला आले होते. मी जालंधरला शोधत होतो आणि माणूस तीन तासांवर दाढी करून बसलेला.

आम्ही गेलो. मेजरसाबांनी दार उघडलं. गंगाधररावांची पाठ आपोआप ताठ झाली आणि सॅल्यूट गेला. मेजरसाब सॅल्यूट घेऊन म्हणाले, "गंगाधर, बाल कहाँ गए तेरे?"

मी टाईप करून नेलेलं पत्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. मराठीत सांगतो.

"मी याला अकरा वेळा खाली पाठवलं. बाराव्यांदा मी नको म्हणालो, तरी हा गेला. बाराव्यांदा आणलेला माणूस जिवंत होता."

परतीच्या एसटीत सुभेदारांनी खिडकीची जागा गंगाधररावांना दिली. ती ते कोणाला देत नाहीत.

*

त्या पत्रानं काम केलं. यंदा पंधरा ऑगस्टच्या चार दिवस आधी रेकॉर्ड ऑफिसचा जाड लिफाफा आला. गंगाधररावांनी तो गावात फोडला नाही, बाकावर घेऊन आले. सुभेदार आंघोळ करून, केस विंचरून हजर. रशीदभाईंनी मशीन बंद केलं. लिफाफ्यात दुरुस्त केलेलं पान होतं आणि एक पावती. पावतीवर छापलं होतं, मिळालं, वाचलं, सर्व नोंदी बरोबर आहेत. खाली सहीची जागा.

मी पेन पुढं केलं.

"थांबा," गंगाधरराव म्हणाले. "या टायमाला वाचतो."

चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. डायव्हिंगचा कोर्स, तारखांसकट. कमेंडेशन कार्ड, त्या नदीच्या नावासकट. सुभेदारांनी पेढ्यांचा पुडा सोडला. तेवढ्यात सरपंचाचा फोन आला, तो मीच स्पीकरवर टाकला.

"काका, पेंटरला बशिवलंय. पंधरा ऑगस्टला समद्या गावापुढं दावू. वळी किती?"

गंगाधररावांचं बोट पानाच्या तळाशी थांबलं होतं. तिथं अजून एक नोंद होती. हाय अल्टिट्यूड मेडल, उंच बर्फाच्या डोंगरात ड्यूटी केलेल्यांना मिळतं ते.

"सांगतो नंतर," म्हणाले आणि फोन ठेवला.

"वा!" सुभेदार म्हणाले. "दोन मागितले, तीन दिले. तीन वळी सांग त्याला."

"हे माझं न्हाई."

"तुमची कंपनी गेली व्हती ना बर्फात?"

"कंपनी गेली व्हती. मी न्हाई. हे बगा, कोर्सच्या तारखा. त्याच हिवाळ्यात मी खाली पान्यात व्हतो. वर माझा जोडीदार नामदेव गेला. त्याच्या पायाची तीन बोटं तिथं राहिली. त्याचं मेडल हाय हे."

सुभेदार म्हणाले, "सरकारनं दिलंय, तू मागाय गेला न्हाईस. कोन मोजतंय?" आणि मग रशीदभाईंकडं बघून गप्प झाले.

मी मात्र गप्प बसलो नाही. क्लार्क आहे, पुढचं दिसत होतं. म्हटलं, "गंगाधरराव, नीट ऐका. पावतीवर सही केली नाही तर सगळं पान परत जाईल. कोर्स पण, कार्ड पण. परत कधी येईल, मी सांगू शकत नाही. बोर्डावरच्या दोन ओळी कोऱ्याच राहतील. तुमचं वय बघा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पान घडीवर घडी जुळवून लिफाफ्यात घातलं, पावती कोरीच त्याच्यावर ठेवली, आणि लिफाफा माझ्याकडं सरकवला.

"अर्ज लिवा."

रशीदभाईंनी कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला करून मला जागा दिली. मी कोरा कागद घेतला. नंबर, हुद्दा, नाव लिहिलं. विषय लिहिला, मेडलची नोंद काढून टाकणेबाबत. मग 'कारण' लिहून पेन थांबवलं.

"कारण काय लिहू?"

"लिवा, मी तिथं नव्हतो."