बाबांच्या भिंतीतला आवाज

लातूर वेगळा जिल्हा झाला, सरकारी इमारतींची कामं निघाली आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची ठेकेदारी एकदम वर आली. त्यांनी तिथं बंगला बांधला. मी मुखेडला शाळेत विज्ञान शिकवायचे, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. बंगल्याचं मी हसून कौतुक केलं. पण आई गेल्यापासून माझ्याकडे असलेले बाबा तिकडे राहायला गेले, तेव्हा मात्र पोटात दुखायला लागलं.

बाबांना ऐकू कमी यायचं. माझ्याकडे ते रेडिओ कानाला लावून बसायचे. बहिणीनं तर खोलीखोलीच्या भिंतीत स्पीकर बसवून घेतले होते. कॅसेट दिवाणखान्यातल्या मशीनवर लागायची, आवाज घरभर. बाबांच्या उशाशीच एक स्पीकर होता. "पडल्यापडल्या बुद्धवंदना ऐकतो," असं ते येईल त्याला सांगत.

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात बहिणीचा निरोप आला. स्पीकरमधून सारखा घूं असा आवाज येतोय, मशीनवाल्या दुकानदारानं हात टेकलेत, आक्का, तू ये.

एसटीत मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आवाज थांबला नाही तर बाबांना घेऊनच परतायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

बाबा कानात कापूस घालून बसले होते. "डोस्क्यात भुंगा शिरलाय बघ," म्हणाले.

"मग चला की माझ्याकडं."

"आधी बघ तर खरं."

मी कॅसेट काढली, तरी घूं. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी तसंच. म्हणजे दोष कॅसेटचा नव्हता. मग सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडवून एकेक जोडून पाहिली. प्रत्येकातून तोच आवाज. म्हणजे स्पीकरही बरे होते. राहिलं मशीन आणि त्याला येणारी वीज.

बहीण म्हणाली, "मशीन पुसताना हाताला मुंग्या येतात, आक्का. आत कायतरी हाय."

तिथंच मला कळलं, मशीनमधली चुकार वीज जमिनीत उतरत नव्हती. "अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?"

तो न्हाणीच्या मागे होता. मेन स्विच बंद केलं आणि दोघींनी मिळून फरशी उचलली. आतली माती पार भेगाळली होती. पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट. अर्थिंगला ओली माती लागते, आणि इथं तर प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येत होतं.

"मीठ-कोळसा टाकून पाणी घालावं लागंल," मी म्हणाले. "जाऊ दे. पाणी कुठून आणशील?"

ती आत गेली. मीठ, कोळसा आणि डोकं धुवायला ठेवलेल्या पाण्याच्या दोन्ही बादल्या तिनं आणून खड्ड्यात ओतल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "रोज ऐकते मी बाबांच्या तोंडून. मोठी असती तर कवाच काढलं असतं, मोठीला समदं कळतं. तुझा लई राग येतो मला."

बाबा तिथं माझं नाव काढत होते, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. "अन् मला तुझा," मी म्हणाले. ती एकदम हसली, मलाही हसू आलं. मातीचा वास येत होता.

मेन स्विच लावलं. घूं गेला. भिंतीला कान लावला तरच थोडी कुजबुज. बाबांनी कानातला कापूस काढला. कॅसेट लावल्यावर डोळे मिटून पूर्ण ऐकली.

मी शाबासकीची वाट बघत होते. ते म्हणाले, "धाकटीनं दुष्काळात पाणी दिलं. सोपी गोष्ट न्हाई ती."

मी पदर खोचून चहा टाकायला गेले. सकाळी एकटीच मुखेडच्या गाडीत बसले.

बाबा अखेरपर्यंत तिच्याकडेच राहिले. पुढं पाऊस बरा झाला, तिच्या नवऱ्याला आणखी कामं मिळाली. मी सुट्टीत जायचे, बाबांच्या खोलीतच गादी टाकायचे. पहाटे वंदना संपली की ते "साधू, साधू" म्हणत डोळे उघडायचे आणि दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या तिच्याकडे बघून हसायचे. मी तिथंच, हाताच्या अंतरावर असायचे. ते हसू मला कधी सोसलं नाही.