अक्का आणि हशाची जागा

अक्का पदर कसा घेते, यावरून ती आज कोण आहे ते कळायचं. डोक्यावरून घेतला की सासू, कमरेला खोचला की भांडखोर मोलकरीण, खांद्यावरून नुसता सोडला की मंत्रीणबाई. एकदा सरपंचाचं काम करणारा नट ऐनवेळी तापाने पडला, तर हिने लुगड्याचा फेटा बांधला, मिशी चिकटवली आणि सरपंच उभा केला. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मखमलाबादकडे तिची फुलशेती. सकाळी ती आणि तिचा नवरा, आमचे दाजी, झेंडूची पोती बाजारात उतरवायचे. संध्याकाळी ती पंचवटीतल्या शाळेच्या हॉलमध्ये तालमीला हजर. दिग्दर्शक मी, पण धाक तिचा. कोणी "आज मूड नाही" म्हटलं की झालंच. "झेंडूला मूड लागत नाय, तुला कशाला रे लागतो?"

तिची खरी ताकद होती हशा घेण्यात. विनोदी वाक्य टाकलं की नटाने थांबायचं असतं. हशा चढू द्यायचा, उतरायला लागला की पुढचं वाक्य घ्यायचं. घाई केली तर वाक्य हशात बुडतं. आमच्यातले भलेभले यात मार खायचे. अक्का म्हणायची, "लोकांच्या तोंडात घास असताना दुसरा कोंबू नये."

मग दोन हजार सालानंतर दैनंदिन मालिकांचा सुकाळ झाला आणि अक्काला मुंबईहून बोलावणं आलं. पहिल्याच दिवशी तिने एक झकास वाक्य टाकलं आणि सवयीने थांबली. दिग्दर्शक वैतागला. "बाई, थांबलात कशाला?"

"लोकांना हसू दे की जरा."

"इथे लोक कुठे आहेत? कॅमेरा हसतो का?"

हे तिनेच आम्हाला सांगितलं, पोट धरधरून हसत. पण शिकली. न थांबता बोलायला लागली आणि खाष्ट सासू म्हणून घराघरात पोचली. बाजारात बायका भांडायला यायच्या, "सुनेला किती छळता हो!" अक्का शांतपणे म्हणायची, "फुलं घ्या. सून माझी मी बघते."

सहा-सात वर्षांनी ती एकदा माझ्या घरी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मला नाटक दे. ते काम जमतंय का अजून, बघायचंय." गंमत करत नव्हती. मी दिलं.

पहिला प्रयोग, नाट्यगृह भरलेलं. अक्का आली, टाळ्या पडल्या, आणि सगळा घोटाळा सुरू झाला. लोक हसायला तोंड उघडत होते आणि ही पुढचं वाक्य बोलून मोकळी होत होती. हळूहळू लोकांनी हसणंच सोडलं. बिचारे ऐकत बसले.

मध्यंतरात ती रंगपटात आरशाकडे पाठ करून बसली होती. "खरं सांग. गेलं का रे माझं?"

अक्काशी खोटं बोलणं आपल्याला जमणारं नव्हतं. "पहिल्या अंकात तरी गेलं, अक्का."

"बरं," म्हणाली. चहा तसाच ठेवून उठली.

दुसऱ्या अंकात तिचं पहिलंच वाक्य जोरात लागलं. नाट्यगृह फुटलं. अक्का थांबली. हशा उतरला तरी थांबलेलीच. मी विंगेत संहिता घेऊन उभा. मेलो, ही वाक्य विसरली! मी घाबरून पुढचं वाक्य इतक्या मोठ्याने पुरवलं की ते पाचव्या रांगेपर्यंत गेलं असावं.

अक्काने सावकाश मान विंगेकडे वळवली.

"माहीतंय रे मला. मागच्या रांगा अजून हसतायत, हसू दे की त्यांना."

अख्खं नाट्यगृह उसळलं. हसणं काय, टाळ्या काय, शिट्ट्या काय! मी विंगेत लहान पोरासारखा रडत होतो. आणि समोर उजेडात अक्का टाळ्या थांबायची वाट बघत उभी होती. तिला कसलीही घाई नव्हती.