चुलत पाणकणीस

माझा मामा प्लंबर. गळती कुठलीही असो, वायसर बदलला की थांबते, अशी त्याची श्रद्धा. लग्नात सासऱ्यांनी त्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक मुळी ठेवली. "जावईबापू, लेकीबरोबर हीपण नेताय. दोघींना जपा."

मुळी पाणकणसाची, म्हणजे तळ्याकाठी वाढणाऱ्या, उदी कणसाच्या उंच गवताची. त्याच्या बारीक, चिवट पानांनी सासरे खुर्च्यांच्या बैठका विणतात. पण ते राहतात खाली, समुद्राजवळच्या उकाड्यात. मामाचं गाव डोंगरावर. तिथल्या ओढ्यातही पाणकणीस उगवतं, पण ते याचं रुंद पानांचं चुलत भावंड. पाणी गोठलं तरी ऊब आली की पुन्हा डोकं वर काढतं.

अंगणातल्या टाकीत लावलेली सासरची मुळी पहिल्याच हिवाळ्यात कुजली. मामाने गुपचूप दुसरी मागवली, टाकीला गोधडी गुंडाळली, पाण्यात हीटर सोडला.

"मी गार पाण्यात भांडी घासते," मामी म्हणाली, "आणि गवताला ऊन पाणी."

ती दुसरी मुळीही कुजली. फोनवर मात्र मामा सासऱ्यांना म्हणाला, "झकास आहे, बाबा."

"मग बघायलाच येतो."

मामाचा चेहरा पडला. आता सासऱ्यांपुढे तोंड कसं दाखवायचं? त्याने ओढ्यातलं रुंद पाणकणीस आणून टाकीत लावलं आणि पत्र्याच्या कात्रीने एकेक पान उभं कापून बारीक केलं. मामी चहा पीत बघत होती. "भुवयापण कोरा."

सासरे आले ते थेट टाकीपाशी. पान बोटांत फिरवलं. "कड पिवळी का?"

"थंडी लागली असेल, बाबा."

"पट्टी लावून लागते का थंडी तुमच्याकडे?"

मामाने मान खाली घातली. "तुमचं मेलं. तुमची मुलगी तेवढी धड आहे."

"तुम्हाला जमलं नाही," सासरे म्हणाले. "आमच्याकडे काहीही लावा, रुजतं." आणि जाताना ओढ्यातल्या रोपाची मुळी घेऊन गेले.

उन्हाळा लागला तसा मामा रोज फोन करू लागला. उत्तर ठरलेलं, "झकास." एकदा पलीकडे खडखड ऐकू आली.

"बाबा, काय ओतताय?" मामीने विचारलं.

"काही नाही गं. थोडा बर्फ."

मामाने फोन हिसकावून घेतला. पलीकडची खडखड थांबली. मग सासरे म्हणाले, "मरतंय हो, जावईबापू. तुम्हाला उगाच बोललो."

"हवेपुढे कोणाचं चालतं, बाबा," मामा इतक्या मोठेपणाने म्हणाला, की मामी हसू दाबत आत गेली.