उभ्या गाडीचा विमा

माझ्या जुन्या गाडीचा विमा अक्कांनी काढून दिला. हे सगळ्यांत आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सांगायला लागलो की मी माझ्याच घाबरटपणात गुंतून पडतो आणि त्या मागं राहतात. लातूरला आरटीओ ऑफिससमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. त्याच्या ओट्यावर टेबल टाकून अक्का विम्याचे कागद करतात. कपाळाला भस्माच्या तीन रेघा, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, नाकावरून घसरणारा चष्मा. माहेर उदगीरचं, घरात निम्मं कानडी चालतं, म्हणून सगळा रस्ता त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्याहून वयानं मोठे एजंटसुद्धा.

मी हिमायतनगरजवळच्या एका खेड्यातला. आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, एका दिवशी गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. काही वर्षं रानात काढली आणि अठरा पुरी झाल्यावर लातूरला एका गॅरेजात लागलो. गाव दोन एसट्यांच्या अंतरावर. सकाळी निघालं की पोचेपर्यंत उन्हं कलतात, म्हणून वर्षातून दोनदाच जाणं व्हायचं.

गॅरेजच्या कोपऱ्यात कडुलिंबाच्या झाडाखाली एक अँबेसिडर उभी होती. माझ्या दुप्पट वयाची. मी दुपारचा डबा तिच्यातच खायचो आणि मग मागच्या सीटवर आडवा व्हायचो. ती सीट म्हणजे सोफाच. वरून लिंबाच्या फांद्या हलायच्या, त्यांच्या सावल्या काचेवरून, टपावरून, माझ्या अंगावरून सरकत जायच्या. डोळे अर्धे मिटले की वाटायचं, गाडी चालली आहे. कुठं चालली ते कळायचं नाही, पण चालली आहे, आणि मला कुणी उतर म्हणत नाही.

गॅरेजच्या मालकांनी, म्हणजे उस्तादांनी, हे बघितलं असणार. वय झालं म्हणून त्यांनी गॅरेज बंद करून लेकाकडं जायचं ठरवलं, तेव्हा आरसी बुक आणि सह्या केलेले कागद माझ्या हातात ठेवले. म्हणाले, "तूच रख ले बावा. नै तो भंगार में जाएगी." मी आधीच चार महिने तिच्या मागं लागलो होतो. पत्रा घासला होता, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली होती, दुधी रंग मारला होता. इंजिनही सुरू केलं होतं. पण जागा विकली गेली होती. नव्या मालकाला ती महिनाअखेर मोकळी पाहिजे होती. भंगारवाला येऊन बोटांच्या पेरांनी दार वाजवून गेला, कलिंगड बघावं तसं. महिनाअखेरीच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर, कागदांसकट रस्त्यावर निघाली तर माझी, नाहीतर त्याची.

रस्त्यावर काढायची तर पासिंग पाहिजे, नाव बदलायला पाहिजे, आणि दोन्हींच्या आधी विमा. विमा कंपनीला फोन लावला तर तिथल्या बाईंनी गाडीचं साल विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या यादीत इतकं मागचं साल येतच नाही." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हणालं, ते असं. एका एजंटानं माझं लायसन उलटंसुलटं करून बघितलं. त्यावरची तारीख ताजी होती. "गाडी म्हातारी आणि ड्रायव्हर पोरगा," तो म्हणाला, "कोण जोखीम घेणार?" तरी त्यानं पुऱ्या विम्याचा एक आकडा सांगितला. तो ऐकून मी त्याचं कार्ड खिशात ठेवलं ते परत काढलं नाही.

अक्कांच्या टेबलासमोरून मी दोनदा नुसताच गेलो. कागद बघितले की माझ्या तळहाताला घाम येतो. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली.

"ए, इकडं ये. तिसरी चक्कर हाय तुझी. टेबलाचा पत्ता विसरलास का तोंडाचा?"

मी गाडीचं सांगितलं.

"उभी का चालती?"

"चालू होती अक्का. पण रोडवर आणता येत न्हाई. विमा न्हाई."

"आणि विमा का न्हाई?"

"गाडी लई जुनी हाय. मी लई नवा हाव."

त्या चष्म्यावरून बघायला लागल्या. "कुठला तू?"

"हिमायतनगरकडला. इथं गॅरेजात काम करून राहिलो."

"ते राहिलो ऐकूनच कळलं. खाऊन राहिलो, झोपून राहिलो. एका कामाला टिकून राहिलास तरी बास."

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर गाडी काढली, लहान मुलं काढतात तशी, आणि समोर एक माणूस काढला. "तुला पुरा विमा नको. या गाडीला उद्या ठोकर बसली तर पत्रा तूच सरळ करणार, तुझा हात हाय त्यात. तुला ह्या समोरच्या माणसाचा विमा पाहिजे. थर्ड पार्टी. कायद्यानं तेवढा लागतोच. त्याचा दर वरून ठरतो, इंजिन केवढं त्याच्यावर. तू वीस वर्षांचा का साठ, ते त्यात बघत न्हाईत. नाव बदललं की तुझ्या जिवाचा अपघात विमा जोडू." आकडा सांगितला. एका नव्या टायरच्या किमतीएवढा. मी पुन्हा विचारला. तोच होता.

"पण विमा तुटून लई वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "कंपनीचा माणूस येऊन गाडी बघणार. आणि त्याच्या आधी मी. माझी खोड हाय ती. बसून बघितल्याबिगर मी कुणाचाच कागद करत न्हाई. ते गाडी बघतात, मी चालवणारा बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ऑटोनं आल्या. चपला बाहेर काढून, पदर सावरून मागच्या सीटवर बसल्या. देवळात आल्यासारख्या. मी पुढं बसलो.

"चल," त्या म्हणाल्या.

"अक्का, रोडवर न्हाई काढता येत."

"मी कुठं रोडवर काढ म्हणले? चावी लावू नको. तुझ्या गावाला ने मला. तोंडानं सांगत चल आणि हातपाय खरे चालू दे."

आरशात बघितलं तर त्यांनी डोळे मिटले होते. मला हसू येईना. क्लच दाबला, स्टेअरिंगजवळचा दांडा ओढून पहिला गिअर टाकला, आणि निघालो. लिंबाच्या सावल्या रोजच्यासारख्या काचेवरून सरकायला लागल्या. चाकूर गेलं, शिरूर ताजबंदचा चौक गेला. अहमदपूरच्या पुढं उतारावर मी गिअर उतरवला.

"एवढ्या हळू? मागचा बैलगाडीवाला हॉर्न देऊन राहिला," मागून आवाज आला. डोळे मिटलेलेच.

मी जरा वेग वाढवला. लोहा आलं, मग नांदेड. गोदावरीच्या पुलावर काच खाली केली, खरोखर फिरवून खाली केली, आणि मला पाण्याचा वास आला. तो थिनरच्या डब्याचा असेल. भोकर मागं पडलं. रस्ता बारीक झाला, कपाशी दोन्ही बाजूंनी जवळ आली. मी बोलायचं थांबलो होतो तरी हात वळणं घेत होते, आणि त्या काही विचारत नव्हत्या. असं किती वेळ चाललो माहीत नाही. गावाच्या अलीकडं माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पार तळाला टेकला.

"का थांबलास?"

"शाळा हाय अक्का. सुटायची वेळ झाली."

"घड्याळ कुठं बघितलंस?"

"न्हाई बघितलं. पण फाटकातून पोरं एकदम पळत येतात. रोडकडं बघत न्हाईत. मी पण न्हाई बघायचो."

त्यांनी डोळे उघडले. थोडा वेळ समोरच्या भिंतीकडं बघत बसल्या, जणू तिथं खरंच फाटक होतं. मग म्हणाल्या, "जाऊ दे पोरं. मग कागद करू."

पोरं गेली. मी हँडब्रेक ओढला.

त्यांनी पिशवीतून पातळ कागद आणि पेन्सिल काढली. कंपनीला चेसीस नंबराचा ठसा लागतो. पत्र्यावर ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. मी बॉनेट उघडलं. त्या वाकल्या, बोट फिरवलं. पत्रा तिथं काचेसारखा गुळगुळीत होता, दुधी, चकचकीत.

"नंबर कुठाय?"

"इथं लई खड्डे पडले होते अक्का," मी कौतुकानं सांगितलं. "गंजाचे. सगळे लांबीनं भरून काढले."

त्या सरळ झाल्या. "खड्डे ओळीत होते का रे?"

"हाव, ओळीतच..." म्हणता म्हणता मला उमजलं, ते खड्डे नव्हते, आकडे होते.

नंबर नसलेली गाडी चोरीची धरतात. हे मला गॅरेजात राहून माहीत होतं. तरी चार महिने तो पत्रा हाताखाली असून मी त्याच्याकडं पत्रा म्हणूनच बघितलं. लिहिलेलं काही दिसलं की माझी नजर त्याच्यावरून सरकते, ती शाळेपासूनची सवय. महिना संपायला सहा दिवस होते. मी पाना उचलला, खरवडायला.

"ठेव तो खाली," अक्का म्हणाल्या. "आकड्यावर एक ओरखडा गेला तर म्हणतील नंबर खोडला. चार महिने घासलीस, एकदा वाचली असतीस तर." मला लागलं ते. त्यांनाही कळलं असावं, कारण लगेच म्हणाल्या, "दात घासायचा ब्रश हाय का जुना? आण. आणि कापूस."

पदर खोचून त्या माझ्या शेजारी वाकल्या. थिनरचा बोळा ठेवायचा, थांबायचं, ब्रशनं हलकंच फिरवायचं, पुसायचं. पुन्हा बोळा. रंग आणि त्याखालची लांबी मऊ होऊन साय धरल्यासारखी सरकत होती. थिनरच्या वासानं डोकं हलकं झालं होतं. ऊन बॉनेटवरून उतरून आमच्या हातांवर आलं. दुधी रंगाखालून आधी एक सात वर आला, अर्धा, मग पुरा. त्याच्या शेजारी शून्य. तळ्यातलं पाणी आटताना दगड दिसायला लागावेत तसे ते आकडे येत होते, आपल्या वेळेनं. शेवटचा आकडा मात्र इंग्रजी तीन का आठ ते कळेना.

"कागद धर," अक्का म्हणाल्या. "पेन्सिल तू घास."

"मी?"

"गाडी कुणाची हाय?"

पेन्सिल हातात धरून किती वर्षं झाली होती कोण जाणे. लहानपणी वहीच्या पानाखाली रुपया ठेवून असंच घासायचो. आडवी धरून हळूच फिरवली, आणि कागदावर काळ्या धुक्यातून पांढरे आकडे उमटत गेले. शेवटी आठ. दोन्ही पोटं पूर्ण. त्यांनी आरसी बुक उघडलं आणि मला एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लावला. त्या प्रत्येकाला मान डोलवायच्या. सगळे जुळले. मी पुन्हा एकदा वाचले, कुणी सांगितलं नसताना.

कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, फोटो काढले, ठशाचा कागद घेतला. विम्याचा कागद छापून आला तेव्हा अजून गरम होता. तो घेऊन पासिंगला गेलो, गाडी पास झाली. महिन्याच्या शेवटच्या सकाळी भंगारवाला ट्रॉली घेऊन आला, तेव्हा लिंबाखाली गाडीच्या आकाराची कोरडी जागा होती आणि तिच्याभोवती पिवळी पानं.

नाव बदललं, अपघात विमा जोडला, आणि मग गावाला गेलो. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा, पूल. सगळं आधी एकदा बघितलेलं होतं. शाळेपाशी आलो तर फाटकाला कुलूप, रविवार होता. तरी थांबलो. आई घरी वाट बघत होती आणि मी रिकाम्या फाटकासमोर गाडी उभी करून बसलो होतो. पोरं जायला जेवढा वेळ लागला असता तेवढा.

परत आल्यावर अक्कांकडं पेढे घेऊन गेलो. त्यांनी एक खाल्ला, बाकीचे ओट्यावर वाटून टाकले. मी काय देऊ विचारलं तर म्हणाल्या, "गावाला नेलंस की." आणि मग कागदात डोकं घालून, मला न सांगितल्यासारखं, "उदगीरहून अशाच एका गाडीनं वडील मला सासरी सोडायला निघाले होते. किल्ला दिसेनासा होईपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते."

मी काय देणार ते तेव्हा ठरलं. अक्कांना त्याच मागच्या सीटवर बसवून उदगीरला नेणार, त्यांच्या माहेराच्या दारापर्यंत, चावी लावून, खऱ्या रस्त्यानं. त्यांना सांगितलं तर म्हणतात, आधी तुझं टप गळतं ते बघ, मला भिजत न्यायचं का. टपाचं काम करून राहिलो. ते झालं की नेणार.