हेलिकॉप्टरकाकीचे कान

मी लग्न होऊन भुईगावात आले, तेव्हा शेजारच्या काकीला सारं गाव हेलिकॉप्टरकाकी म्हणत होतं. तिचे कान भलतेच तिखट. आम्हाला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नसताना ती मोगऱ्याच्या कळ्या खुडता खुडता थांबायची आणि म्हणायची, "आलं बाय, आमच्या यांचं."

काका समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर फिटर होते. पंधरवडा तिकडे, पंधरवडा घरी. पाळी बदलायच्या दिवशी त्यांना जुहूला सोडणारं हेलिकॉप्टर आमच्या किनाऱ्यासमोरून जायचं. त्याचा फटफटाट ऐकला की काकी कालवणाचं वाटण घ्यायची. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. तिला गरजही पडली नाही.

मग नवी हेलिकॉप्टरं आली. काकांनी ओटीवर बसून ऐटीत समजावलं, "याचा पंखा हळू फिरतो. पात्यांची टोकं हवेला कमी झोडपतात, म्हणून आवाज कमी. डोक्यावर येईस्तोवर पत्ता लागत नाही." मग बायकोकडे बघून हसले, "आता ऐक बघू!" आम्हाला ती थट्टाच वाटली.

त्यानंतर काका उशिरा येऊ लागले. "हवा खराब होती, हेलिकॉप्टर उडालंच नाही," हे ठरलेलं उत्तर. पण काकी हार मानणारी नव्हती. काकांची पाळी बदलायच्या दिवशी ती वाळूत जाऊन बसू लागली आणि एकदा तो दबका, जाडसर आवाज तिने पकडलाच. "हा कानाला नाही बाय, छातीला कळतो," म्हणाली आणि हरखून घरी धावली.

काका आले तिसऱ्या दिवशी. मी तिथेच होते. चपला काढता काढता म्हणाले, "उडालंच नाही गं."

"परवा गेलं ते. मी ऐकलं," काकी म्हणाली. "दोन रात्री कुठं होतात तुम्ही?"

काकांना धड खोटंही बोलता आलं नाही. अंधेरीला त्यांचं दुसरं बिऱ्हाड होतं. महिन्याभरात ट्रंक उचलून ते तिकडेच गेले. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. आणि गावाने बोल लावला तो काकीला! "पुरुषमाणूस घरी येत होता ना? मग एवढे कान टवकारायचे कशाला?" बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलत.

"काकी, लक्ष देऊ नका," मी एकदा म्हटलं.

"खरंच बोलतात त्या," कळ्या निवडत ती म्हणाली. "मी बहिरी असते, तर माझा संसार अजून चालला असता."