खटक्याचं मशीन

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या अण्णांची नजर तरुणपणीच गेली होती. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. बोटं शाबूत आहेत तोवर कुणाच्या बापाची भीती नाही, असा खाक्या. पण या वर्षी देवानं भलतंच काढलं. झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं. बायको असती तर चार शिव्या हासडून तिनं चादर धुवायला टाकली असती. ती गेली. आता घरात मुलगा आणि सून. सुनेच्या हातात ती चादर द्यायची? छे! त्यापेक्षा जीव गेलेला बरा.

म्हणून ते पहाटे उठून गुपचूप चादर घासत, पण पिळताना मनगटं जाम व्हायची. शेवटी मुलाला म्हणाले, "मशीन घेऊ या. माझे कपडे मी धुईन." खरं कारण गिळून टाकलं.

दुकानात सगळीच मशीनं तोंडावर गुळगुळीत. बटण कुठंय म्हणून चाचपावं, तर तेवढ्यानंच मेलं टुंग करून कामाला लागायचं! काहींना गोल नॉब होता, पण तो नुसता गरागरा फिरे.

"काका, घरात डोळस माणसं आहेत ना? मग कशाला काळजी?" सेल्समन म्हणाला.

"धुणार मी आहे, बाबा."

कोपऱ्यातल्या एका जुन्या मॉडेलपाशी अण्णा थांबले. नॉब फिरवला. खट, खट, खट. दर खुणेला खटका, आणि शून्यावर आला की पुढं हलायचं नाव नाही. "हेच," अण्णा म्हणाले, आणि किती तरी महिन्यांनी हसले.

दोन दिवसांनी मशीन घरी आलं. अण्णांनी हात फिरवला. सपाट काच.

"ते जुनाट होतं हो, अण्णा," मुलगा म्हणाला. "बदलून एकदम भारी आणलं. तुम्ही कशाला त्रास घ्यायचा? ही लावेल."

"मी आहे की!" सून म्हणाली.

दोघांच्या बोलण्यात इतकी माया होती की अण्णांना धड चिडताही येईना. परत करा म्हणावं, तर का ते सांगावं लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओली चादर घेऊन मशीनसमोर उभे राहिले. कुठंही बोट लावलं तरी तोच टुंग. तो आवाज ऐकून सून आली.

"अण्णा, द्या इकडं."

त्यांनी चादर घट्ट धरली. तिनं दुसरं टोक ओढलं, आणि तिचा हात थांबला.

"असू दे हं, असू दे," ती म्हणाली. तान्ह्या बाळाशी बोलावं तसं. अण्णांनी चादर सोडली.

त्या दिवशी जेवताना मुलगा उगाचच गोड गोड बोलत होता, म्हणजे त्यालाही कळलं होतं. अण्णा निजायला गेले, तर चादरीखाली हाताला रबराचं कापड लागलं. ते मुकाट्यानं त्यावर आडवे झाले.