बारानंतरची खोली

ताईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. परदेशातला शेवटचा दिवस होता, विमान रात्रीचं, कुणी हाक मारली नव्हती. तरी साडेतीनला ती उठून बसली. हॉटेलात खोल्या आवरायची नोकरी तिने जन्मभर केली. नोकरी सुटून वर्ष झालं, साडेतीन काही सुटलं नाही.

मी तिचा धाकटा भाऊ. गवंडी होतो, गुडघ्यांनी घरी बसवलं. भाच्याने आईला सहलीला न्यायचं ठरवलं तेव्हा म्हणाला, "मामा, तुम्हीही चला, तिला सोबत होईल." त्या उकाड्याच्या मुलखाच्या राजधानीत सातव्या मजल्यावर आम्हा बहीणभावाला दोन पलंगांची खोली होती. शेजारी भाचा आणि सूनबाई.

रोज पहाटे ताई दोन्ही पलंग आवरायची. मी तोंड धुऊन येईपर्यंत माझाही आवरलेला. चादर ताणायची, कोपरा दुमडून गादीखाली खुपसायचा, तळहाताच्या कडेने सुरकुती मारायची. मी प्लास्टर करण्यात हयात घालवली, सपाट म्हणजे काय ते मला कळतं. तिच्या पलंगाला पातळी लावून बघितली असती तरी खोट निघाली नसती. खोली आवरायला येणारी तिथली बाई दारातूनच चक्रावायची आणि टॉवेल बदलून जायची.

आदल्या दिवशी भाचा म्हणाला, "आई, चल खाली काउंटरवर. तुझा आठवड्याचा पगार मागून घेऊ."

सगळे हसले. ताई हसली नाही.

म्हणून त्या पहाटे मी अंधारात डोळे किलकिले करून बघत होतो. तिचा हात चादरीकडे गेला. थांबला. मग ती पुन्हा आडवी झाली आणि छताला म्हणाली, "आज नाही."

"काय नाही?"

"आज मी गिऱ्हाईक आहे. दुपारी बाराला मी अशीच पडलेली असणार. बाराला लोक खोल्या सोडतात आणि आमची पळापळ सुरू होते. जन्मात कधी बाराला पाठ टेकली नाही. आज टेकणार."

नऊ वाजता भाचा कार्यक्रम घेऊन आला. संग्रहालय, राजवाडा, बाजार. सामान खाली ठेवायचं आणि बाराच्या आत खोली सोडायची.

"तुम्ही जा," ताई म्हणाली. "मी संध्याकाळपर्यंतचे पैसे भरते."

"अर्ध्या दिवसाचं भाडं? लोळायला?"

"लोळायलाच. तू काय उभ्याने झोपतोस?"

"मामा, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी काय सांगू? लहानपणी हिच्या हातचा मार खाल्लाय मी."

ती दोघं गेली. ताईने खाली जाऊन सहापर्यंतचं भाडं भरलं. बाराला ती पलंगावर पसरली होती, पाय उशीवर, नजर घड्याळावर. तेवढ्यात घंटा वाजली.

दारात ती बाई, मागे चादरींची गाडी. तिने पलंगाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. ताईने सहा बोटं दाखवली. बाई हसली, मान हलवली आणि गाडी भिंतीला लावून गेली.

ताई परत पडली, पण झोपेना.

"आता काय झालं?"

"हसली, बघितलंस?"

"चांगली हसली की."

"तशी मी तीस वर्षं हसले. त्या हसण्याच्या आत काय काय शिव्या असतात ते मला विचार." ती कुशीवर वळली. "त्या रात्रीचा पुढचा गिऱ्हाईक दारात उभा असतो. उशिराची खोली जिच्या वाट्याची, तिने ती लावल्याशिवाय घरी जायचं नाही. घरी कोणी वाट बघत का असेना. अशा उशिरा खोली सोडणाऱ्याला आम्ही मुडदा म्हणायचो. उचलल्याशिवाय जागा मोकळी होत नाही."

"मग सोडू खोली. एवढं लोळलीस ते झालं."

"का सोडू?" ती ताडकन उठून बसली. "दर वेळी मीच सोडायचं?"

मी माझ्या पलंगाची चादर ओढायला लागलो. "निदान हे आवरून ठेवू. तिचं काम हलकं होईल."

"हात लावू नकोस! गिऱ्हाईक गेल्यावर चादर बदलावीच लागते. तू खुपसलेलं तिला आधी उपसावं लागेल. तुझी मेहनत फुकट आणि तिची दुप्पट."

मी चादर सोडली. ताईने चपला घातल्या, पिशवी घेतली आणि खाली निघाली. मी मागोमाग.

हॉटेलापुरतं इंग्रजी तिला येतं. काउंटरवरच्या पोराला तिने विचारलं, "खोली उद्यापर्यंत घेतली तर आवरायला कधी येतात?"

"उद्या सकाळच्या पाळीत."

"आज कोणी आत जाणार नाही?"

"नाही. पण मॅडम, तुमचं विमान तर आज रात्रीचं आहे."

"विमान माझं, खोलीही माझी. पावती दे."

नोकरीतला शेवटचा पगार तिने जपून ठेवला होता. विमानतळावर तो तिथल्या नोटांत बदलून घेतला होता आणि सकाळचं भाडं सोडलं तर आठवडाभरात त्यातून एक टाचणीसुद्धा घेतली नव्हती. उरलेला तिने काउंटरवर ठेवला.

वर ती बाई गाडीपाशी उभी होती. ताईने पावती दाखवली, खोलीकडे बोट केलं, दोन्ही हात हलवून नाही म्हटलं. बाईला उमगेना. मग ताईने तिच्या ॲप्रनच्या गाठीला हात लावला, सोडल्यासारखं केलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं. बाईने पावती पुन्हा वाचली. या वेळी हसली ती तोंड भरून, आणि जाता जाता काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली गं?"

"कळलं नाही. पण शिवी नव्हती."

खोलीत येऊन ताई जी झोपली, ती घोरायलाच लागली. मी खुर्चीत बसून वारा घेत राहिलो.

संध्याकाळी भाच्याच्या हाती पावती लागली.

"रात्रभराचं भाडं? आई, रात्री आपण आकाशात असणार! इथे झोपणार कोण?"

"पसारा झोपेल."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरू दे. माझ्या पगाराने फिरलंय."

सूनबाईने खिडकीकडे तोंड केलं. हसत होती, मी पाहिलं.

निघताना ताई दारात थांबली. उशी तिरकी, पांघरूण अर्धं जमिनीवर, चादरीला दिवसभराच्या सुरकुत्या. तिचा उजवा हात पुढे झाला. तिने तो पिशवीच्या पट्ट्यात अडकवला आणि दार ओढून घेतलं.

घरी आल्यावर शेजारीण विचारायला आलीच. "शेवटच्या पगारातून तिकडून काय आणलंत?"

"आणलं काही नाही," ताई म्हणाली. "एक पलंग विस्कटून ठेवून आले."